उंदराचं औषध विचारताय? आधी हे वाचा

पावसाळा सरत आला की आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर ठरलेला मेसेज येतो, "उंदीर फार झालेत, कोणी चांगलं औषध सांगेल का?" आणि मग धडाधड उत्तरं येतात. कोणी विषाचा केक सांगतं, कोणी टोमॅटोच्या फोडीला पेस्ट लावून ठेवा म्हणतं, कोणी ग्लू पॅडचा फोटो टाकतं, कोणी ते प्लगला लावायचं आवाजाचं मशीन. पुण्यात मंडईच्या मागे राहतो आम्ही, शुक्रवार पेठेत, त्यामुळे उंदीर आणि घुशी आमच्या पाचवीला पुजलेल्या आहेत आणि या विषयावर प्रत्येकाकडे सांगायला काही ना काही असतंच. मीही दरवर्षी तिथे लिहिते पण ते लगेच वर निघून जातं, म्हणून या वेळी सगळं नीट एका जागी लिहून ठेवतेय.

माझं म्हणणं थोडक्यात असं की विष हे सगळ्यात शेवटचं काम आहे. आधी त्यांचं खाणं तोडा, मग वाटा बुजवा, मग घरातल्या पिसवांचं बघा, मग चाप लावा, आणि एवढं करूनही भागलं नाही तर जाणकार माणसाला बोलवून विष. आपल्याकडे नेमकं उलट होतं, सुरुवातच विषाने होते. उंदीर कुठेतरी माळ्यावर नाहीतर फर्निचरच्या मागे मरतो, वास सुटला की शोधाशोध सुरू होते, आणि महिन्याभरात नवे उंदीर हजर होतात कारण भोक तिथेच असतं आणि कणकेचं पोतंही तिथेच असतं.

आणि पिसवांचं काय मध्येच, असं विचारणाऱ्यांसाठी जरा मागे जायला लागेल.

१८९७ चा पुण्यातला प्लेग आपल्याला शाळेपासून माहितीये, रँड, चापेकर बंधू, २२ जूनची गणेशखिंडीतली रात्र, सगळं पाठ असतं. पण त्या प्लेगमधली एक गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते, ती म्हणजे तेव्हा हा रोग पसरतो कसा हेच कोणाला माहीत नव्हतं. जंतू सापडला होता, येर्सिन नावाच्या डॉक्टरने १८९४ ला हाँगकाँगमध्ये शोधला होता, हाफकिन या शास्त्रज्ञाची प्लेगवरची लससुद्धा जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत तयार झाली होती, पण जंतू माणसापर्यंत येतो कुठून हे कोडंच होतं. म्हणून मग सोल्जर घराघरात घुसले, सामान जाळलं, भिंतींवर औषधं मारली, आजारी माणसांना उचलून छावणीत नेलं, बायकांची अब्रू राहिली नाही, आणि या सगळ्यात पिसवेचा कोणाला पत्ताच नव्हता! सावित्रीबाई फुले याच प्लेगात गेल्या, १० मार्च १८९७ ला. मुलाने, डॉ. यशवंतने, हडपसरच्या बाजूला दवाखाना उघडला होता आणि त्या स्वतः रोग्यांना तिथे घेऊन येत होत्या. त्या वेळी कोणी त्यांना सांगू शकलं असतं का की ताई, पिसवांपासून जपा? नाही, कारण ते कळायला अजून वर्ष जायचं होतं.

१८९८ च्या जूनमध्ये कराचीत सिमों नावाच्या फ्रेंच डॉक्टरने ते सिद्ध केलं. प्लेगने आजारी असलेला उंदीर, त्याच्या अंगावर पिसवा, आणि शेजारी जाळीच्या पलीकडे एक धडधाकट उंदीर, दोघांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही अशी सोय. आजारी उंदीर मेला, आणि मग पलीकडचाही प्लेगने मेला. उड्या मारून जाणारी फक्त पिसू होती. लोकांचा त्यावर विश्वास बसायला पुढे बरीच वर्षं गेली.

आता यातला आपल्या कामाचा भाग. पिसू उबदार रक्तावर जगते. उंदीर मेला, अंग गार पडायला लागलं की ती त्याला सोडते आणि दुसरं ऊबदार अंग शोधते, दुसरा उंदीर मिळाला तर ठीक, नाहीतर मांजर, कुत्रा, माणूस. प्लेगच्या पिसवेत तर जंतू इतके वाढतात की तिच्या अन्ननलिकेतच बूच बसतं, रक्त आत जात नाही, ती उपाशीच राहते म्हणून पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्याला जंतू बाहेर टाकते. माझी आजी सासवडकडची, तिच्या लहानपणी घरातली जुनी माणसं सांगायची की घरात उंदीर पडायला लागले की बोचकं बांधायचं आणि माळावर झोपड्या घालून राहायचं. पिसू कोणाला माहीत नव्हती तरी लोकांनी एवढं बरोबर हेरलं होतं की उंदीर मरणं ही धोक्याची खूण आहे. आणि आपण आज काय करतो, एकदम सगळे उंदीर मारायचं औषध टाकतो आणि पिसवांचं काहीच करत नाही.

म्हणून प्लेगच्या भागात आरोग्य खात्याचा नियमच आहे की आधी पिसवा मारायच्या, बिळांवर आणि उंदरांच्या वाटांवर कीटकनाशक भुकटी टाकायची, आणि उंदरांना हात त्यानंतर लावायचा. क्रम उलटा करायचा नाही.

इथे मला कोणाला घाबरवायचं नाहीये. पुण्यात आज प्लेग नाही. १९९४ ला आपल्या बीड जिल्ह्यात मामला गावात गाठीचा प्लेग निघाला, किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा वर्ष व्हायचं होतं, तडे गेलेली घरं लोकांनी सोडलेली आणि आत धान्य तसंच, त्यावर उंदीर पोसले असं तेव्हा सांगितलं गेलं, आणि पुढच्या महिन्यात सुरत. टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकसाठी दुकानांत उडालेली झुंबड तेव्हाच्या माणसांना अजून आठवते. नंतर २००२ ला हिमाचलात आणि २००४ ला उत्तरकाशीकडे थोडे पेशंट निघाले. आता वेळेवर कळलं तर साध्या अँटिबायोटिकने बरा होणारा रोग आहे तो. पण पिसवा दुसरंही आणतात. एक टायफस असतो, नेहमीच्या टायफॉइडपेक्षा वेगळा, उंदराच्या पिसवेमार्फत येतो, ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ. त्यात गंमत म्हणजे जंतू पिसवेच्या विष्ठेत असतात, ती चावते तिथेच घाण करते आणि आपण खाजवून ती घाण स्वतःच्या हाताने जखमेत चोळतो. म्हणून चावलेल्या जागी खाजवू नका, साबणाने धुवा. कुत्र्या-मांजरांच्या पिसवांमधून पट्टकृमीही होतात, लहान मुलांना जास्त, कारण ती मांजराला कुरवाळतात आणि तोच हात तोंडात घालतात.

पण पुण्यात उंदरापायी खरी भीती कसली असेल तर ती लेप्टोची, लेप्टोस्पायरोसिस. हा उंदराच्या लघवीतून येतो, इथे पिसवेचा संबंध नाही. उंदीर स्वतः आजारी दिसत नाही, ठणठणीत असतो, आणि महिनोन्महिने लघवीतून जंतू सोडत राहतो. ओल असेल तर ते जंतू पाण्यात चिखलात आठवडे आठवडे जगतात, कोरडं ऊन आणि ब्लीचिंग पावडर मात्र त्यांना सोसत नाही. आपल्या पायाला भेग असते, पाण्यात राहून कातडी फुगलेली असते, डोळ्यात शिंतोडा उडतो, एवढं पुरतं त्यांना. २५ सप्टेंबर २०१९ ची ती आंबिल ओढ्याच्या पुराची रात्र, नाहीतर २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकता नगरीत शिरलेलं पाणी आठवा, दुसऱ्या दिवशी लोक अनवाणी, हाफ पँटवर घरातला चिखल उपसत होते. घर डोळ्यांदेखत गेलेलं असताना गमबूट कुठे शोधणार माणूस, मला कळतं ते. पण पुढच्या वेळी कोणाला तरी आठवावं म्हणून लिहितेय, पुराचा चिखल काढताना पाय आणि हात झाकलेले पाहिजेत, नंतर साबणाने अंघोळ पाहिजे, आणि जखम असेल तर त्या माणसाने त्या पाण्यात उतरूच नये. अशा वेळी डॉक्टर गरज वाटली तर प्रतिबंधाची गोळी देतात, ती त्यांना विचारूनच घ्यायची, मेडिकलवाल्याला विचारून नाही. गरोदर बाईला आणि लहान मुलांना तर मुळीच परस्पर द्यायची नाही.

आता घरातलं काम. आधी बघायचं की आहे कोण. लेंडी जिऱ्याएवढी असेल तर घरातला छोटा उंदीर, सेंटिमीटरभर किंवा जास्त असेल तर मोठा, आणि पार्किंगमध्ये माती उकरून ढीग टाकलेला असेल तर घूस. चिचुंद्री वेगळी, लांब नाक, चूं चूं करत भिंतीच्या कडेने पळते, ती किडे खाते, धान्याच्या डब्यावर तिचा डोळा नसतो. मोठ्या उंदराची वाट ओळखायला मी भिंतीचा खालचा कोपरा बघते, रोज त्याच जागेवरून अंग घासत गेल्याने तिथे काळपट तेलकट पट्टा उमटलेला असतो, बोटाने पुसला तर चिकट लागतो (हातमोजा घालून पुसा). आणि एक युक्ती माझ्या सासूबाईंची आहे, रात्री झोपताना ओट्याखाली आणि सिंकच्या पाइपाजवळ पांढऱ्या रांगोळीचा पातळ थर चाळणीने पसरायचा. सकाळी त्यात चिमुकली पावलं दिसतात, मधून शेपटीची रेघ ओढत गेलेली, आणि ती कुठून आली आणि कुठे गेली हे डोळ्यांनी दिसतं. आमच्याकडे सगळ्यांना वाटायचं उंदीर दारातून येतो, रांगोळीने दाखवलं की तो वॉशिंग मशीनच्या पाइपाच्या भोकातून येत होता. भोक अर्धं उघडंच होतं, प्लंबर पाइप टाकून गेला आणि कडेची फट तशीच राहिलेली.

मग ती फट बुजवायची. छोट्या उंदराला बॉलपेन जाईल एवढी जागा पुरते, मोठ्याला साधारण अंगठा जाईल एवढी, म्हणून "एवढ्याशातून कुठला येतोय" असं म्हणायचंच नाही. नुसतं सिमेंट किंवा एमसील लावलं तर कधी कधी कुरतडून काढतात कारण त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढतच असतात आणि झिजवायला त्यांना काहीतरी लागतंच. भांडी घासायची तारेची घासणी मिळते ना, स्टीलची, ती ठासून भोकात कोंबायची आणि वरून सिमेंट, ते उंदीर चावत नाहीत. घुशीच्या बिळात जुने गवंडी सिमेंटमध्ये फुटक्या काचा घालतात, तेही चालतं, फक्त मुलं खेळतात तिथे काच वर राहता कामा नये. एसीचा पाइप, गॅसचा पाइप, एक्झॉस्ट फॅन, नहाणीची जाळी, दाराखालची फट, एवढं बघितलं की बहुतेक घर झालं. नहाणीची जाळी तर आमच्या बिल्डिंगमध्ये अर्ध्या घरांत नुसती वर ठेवलेली होती, उचलली की निघते. रात्री त्यावर जड काहीतरी ठेवा निदान. खिडकीला टेकलेली झाडाची फांदी छाटा, घरातला काळा उंदीर चढण्यात पटाईत असतो, केबलवरून चालत येतो.

खरी अडचण डक्टची आहे. जुन्या बिल्डिंगीत ड्रेनेजचे पाइप ज्या बोळात उतरतात तिथे कोणी जात नाही, वरून लोक खरकटं टाकतात, सॅनिटरी पॅड टाकतात, शिळा भात टाकतात, आणि तिथे उंदरांचं अख्खं खानदान नांदतं. मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी सहा-आठ पिल्लं होतात, त्यामुळे एका फ्लॅटने कितीही पिंजरे लावले तरी डक्ट घाण असेल तोवर पुरे पडणार नाही. हे एकट्याचं काम नाहीच. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पेंटिंगवर दोन तास बोलतात आणि डक्ट म्हटलं की सगळ्यांना घाई होते, याचा मला मनापासून राग येतो. डक्ट साफ करायला माणूस आत उतरवणार असाल तर त्याला गमबूट, हातमोजे, मास्क, आणि आधी ब्लीचिंगचं पाणी मारून ठेवणं, एवढं तरी करा. तो कोणाचा तरी मुलगा आहे आणि लेप्टो त्याला होतो, वरून शिळा भात टाकणाऱ्याला होत नाही.

खाणं तोडायचं म्हणजे काय, तर धान्य पोत्यात न ठेवता पत्र्याच्या पिंपात किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात. प्लास्टिकचा डबा कुरतडतात. रात्री ओटा कोरडा, सिंकमध्ये खरकटी भांडी नाहीत, ओला कचरा झाकणाच्या बादलीत, आणि कुत्र्या-मांजरांचं खाणं रात्रभर वाटीत राहू द्यायचं नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांना घालणाऱ्यांनीही उरलेलं उचलून न्यावं, प्रेमाने घालतात ते, पण उरलेला भात घुशींच्या पोटात जातो. देवापुढचा नैवेद्य, दिव्याची वात, समईतलं तेलसुद्धा खातात, रात्री आवरून ठेवा. गच्चीवर कंपोस्ट करणाऱ्यांनो, शिजवलेलं अन्न घालत असाल तर खाली आणि बाजूला बारीक तारेची जाळी लावा.

पिसवांचं. आमच्या वॉचमन दादांच्या खोलीमागे एक मांजर व्याली होती, पिल्लं मोठी झाली, निघून गेली, आणि मग दादांच्या दोन्ही मुलांच्या घोट्यांना लाल लाल पुळ्या, तीन-चार एका ओळीत. सगळे म्हणाले डास, कोणी म्हणालं ढेकूण. मी त्यांना पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत चढवून खोलीत हळूहळू फिरायला सांगितलं, आणि मोज्यांवर बारीक काळे ठिपके उड्या मारताना दिसले. अजून एक खूण असते, अंथरुणावर किंवा मांजराच्या केसांत मिरपुडीसारखं काळं काही दिसलं तर ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवायचं. लालसर तपकिरी डाग पसरला तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे वाळलेलं रक्तच. मांजर गेल्यावर पिसवा का वाढल्या असं वॉचमन वहिनी विचारत होत्या, तर वाढल्या नव्हत्या, मांजर होतं तोवर त्या तिच्यावर जगत होत्या, ती गेली आणि उपाशी पिसवांना माणूसच उरला. उंदरांचंही तंतोतंत हेच होतं.

पिसू घालवताना लोक इथे थकतात कारण अंगावर दिसते ती थोडीच असते. अंडी खाली पडतात, फटीत, गोधडीखाली, सोफ्याच्या खाचेत, त्यातून अळ्या, मग कोष. कोषात ती महिनोन्महिने बसून राहू शकते आणि पावलांची हालचाल, श्वासाची ऊब लागली की बाहेर पडते, म्हणून बंद ठेवलेला फ्लॅट उघडला की एकदम चावायला लागतात. स्प्रे कोषाच्या आत पोचत नाही. त्यामुळे एकदा फवारून "जात नाहीत हो" म्हणायचं नाही, दोन-तीन आठवड्यांनी परत करायला लागतं, आणि मधल्या काळात रोज व्हॅक्यूम नाहीतर ओल्या फडक्याने कानाकोपरे पुसणं. व्हॅक्यूमची पिशवी बाहेर नेऊन बांधून टाका. अंथरुणं, पायपुसणी, मांजराची गादी कडक गरम पाण्यात धुवून उन्हात. पेस्ट कंट्रोलवाल्याला विचारा की अळ्या वाढू न देणारं औषधही घालतोयस का, नुसतं मोठ्या पिसवा मारणारं नको. आणि घरात कुत्रा-मांजर असेल तर त्याचा उपचार त्याच दिवशी, व्हेटकडून. इथे एक गोष्ट ओरडून सांगते, कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका, त्यात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असेल तर मांजर झटके येऊन मरू शकतं. कुत्र्याला वर्षाच्या लसीत लेप्टोची लस असते तीही चुकवू नका.

आता चाप आणि पिंजरा. मला चाप बरा वाटतो, क्षणात संपतं. पिंजऱ्यात जिवंत सापडलेला उंदीर पिशवीत घालून नदीकाठी सोडून येणारे बरेच आहेत, पण नदीकाठी माणसं राहतात, त्यांच्या घरातही लहान मुलं आहेत, आपला उंदीर त्यांच्या दारात का? ग्लू पॅड मला अजिबात मान्य नाही, तो जीव चिकटून रात्रभर तडफडतो आणि भीतीने मुततो, म्हणजे ज्या लघवीपासून वाचायचं तीच पसरते. वरच्या मजल्यावरच्या काकूंना गणपतीचं वाहन मारायचंच नाही, मला त्याचा आदर आहे, आणि त्यांना तर मी सांगते की तुम्ही भोकं बुजवा, डबे घट्ट ठेवा, मारायची वेळच येणार नाही. चाप लावायचा तर भिंतीला काटकोनात लावा, तोंड भिंतीकडे, कारण उंदीर मिशा भिंतीला घासत कडेकडेनेच जातो. नवी वस्तू दिसली की तो काही दिवस फिरकत नाही म्हणून आधी चाप न ओढता नुसतंच खाणं ठेवायचं, भज्याचा तुकडा, सुक्या बोंबलाचं डोकं, शेंगदाण्याचं कूट गुळात मळून, आणि तो खायला लागला की मग ओढायचा. ते आवाजाचं मशीन आणून पैसे घालवू नका, सरावतात ते त्याला. डांबरगोळ्या तर लहान मुलं तोंडात घालतात, त्या नकोतच.

विषाबद्दल मी कडक आहे. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट, टूथपेस्टसारखी ट्यूबमध्ये मिळते ती, घरात आणूच नका. तिला उतारा नाही. पोटात गेली की पहिले एक-दोन दिवस माणूस बरा वाटतो आणि मग लिव्हर जातं, आणि तरुण मुलं रागाच्या भरात हाताशी असलेली तीच ट्यूब उचलतात हे आपल्याकडच्या कुठल्याही आयसीयूतल्या डॉक्टरला विचारा. झिंक फॉस्फाइडही तसंच, पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू होतो. रक्त पातळ करणारा केक त्यातल्या त्यात कमी घातक, व्हिटॅमिन के चा उतारा असतो, पण तो खाऊन उंदीर मरायला काही दिवस लागतात, तोवर तो हिंडतो, त्याला मांजर खातं, गव्हाणी घुबड खातं, आणि तेही मरतं. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत घुबडं अजून आहेत आणि ती एका रात्रीत आपल्या सगळ्या पिंजऱ्यांपेक्षा जास्त काम करतात.

मेलेला उंदीर उचलायची पद्धत नीट वाचा. हातमोजे. ब्लीचचं पाणी, एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी, ते उंदरावर आणि आजूबाजूला भरपूर ओतून पाच-दहा मिनिटं थांबायचं, अंगावरच्या पिसवाही त्यात भिजतात. मग प्लास्टिकच्या पिशवीत, ती अजून एका पिशवीत, गाठ मारून. लेंड्याही अशाच भिजवून कागदाने उचलायच्या, कोरडा झाडू मारायचा नाही, धूळ नाकात जाते. शेवटी फरशी पुसायची, हात धुवायचे. आणि ती पिशवी गुपचूप सुक्या कचऱ्यात सारायची नाही! 'स्वच्छ' संस्थेच्या कचरा गोळा करणाऱ्या ताई आमचा कचरा हाताने वेगळा करतात, आपण टाकलेली पिशवी त्या उघडतात, दूध-पिशव्या आणि बाटल्या बघायला. आमच्याकडे त्यांना तोंडाने सांगायचं आणि पिशवीवर लाल मार्करने लिहायचं असं ठरवलंय. ताई म्हणाल्या, "सांगितलं तर बरं वाटतं हो, नाहीतर हात घातल्यावरच कळतं." यापुढे मला काही बोलताच आलं नाही.

ताप आला तर. पावसाळ्यात ताप म्हणजे डेंग्यू असं आपण घरीच ठरवून टाकतो आणि प्लेटलेट बघत बसतो. लेप्टोत पोटऱ्या भयंकर दुखतात, दाबलं तर माणूस ओरडतो, डोळे लाल होतात पण चिपडं नसतात, आणि वाढलं तर कावीळ आणि लघवी कमी होणं. पाण्यात उतरल्यापासून बहुतेकदा एक-दोन आठवड्यांत येतो, कधी महिनाही लागतो, त्यामुळे पूर विसरलेला असतो तेव्हा ताप येतो. डॉक्टरांना आपणहून सांगा, घरात उंदीर झालेत, साचलेल्या पाण्यातून गेलो होतो, डक्टमध्ये उतरलो होतो, पिसवा चावल्यात, काखेत नाहीतर जांघेत गाठ आलीये. त्यांनी विचारायची वाट बघू नका, ओपीडीत इतकी गर्दी असते की राहून जातं. सुरुवातीच्या दिवसांत अँटिबायोटिक मिळालं तर लेप्टो बरा होतो, उशीर झाला तर किडनीवर जातो. आणि बिल्डिंगमध्ये किंवा आसपास एकदम बरेच उंदीर आपोआप मरून पडलेले दिसले, कोणी विष टाकलेलं नसताना, तर हात न लावता महापालिकेच्या आरोग्य खात्याला कळवा, आणि उचलतो कोण म्हणून वाट बघत बसू नका, तोवर मुलांना आणि कुत्र्यांना त्या बाजूला जाऊ देऊ नका.

आमच्या डक्टला तळाशी जाळीचं दार बसवायचं ठरलंय, दिवाळीच्या आधी. वर्गणी काढलीये, दोन घरं अजून द्यायची बाकी आहेत, त्यांनी हे वाचलं तर कृपया तळमजल्यावरच्या काकांकडे पैसे पोचवा.